पारा जळत नाही

१/
राइट बंधूंचे नाव निघाले, की मराठी समाजमाध्यमांवर एक मजकूर हमखास फिरू लागतो. १८९५ साली, म्हणजे राइट बंधूंच्या आठ वर्षे आधी, शिवकर बापूजी तळपदे यांनी मुंबईत गिरगाव चौपाटीवर ‘मरुत्सखा’ नावाचे विमान पंधराशे फूट उंच उडवले; न्यायमूर्ती रानडे आणि सयाजीराव गायकवाड साक्षीला होते; विमान पाऱ्याच्या इंजिनावर चालत होते; आणि इंग्रजांनी हा इतिहास दडपला. हा धागा या मजकुराच्या विरोधात आहे. तळपदे यांच्याविषयी त्यात अनादराचा एक शब्दही सापडणार नाही.

२/
‘आधी कोण उडाले’ हा वाद सहसा तारखांवर आणि अभिमानावर लढवला जातो. त्यामुळे तो कधी मिटत नाही. तोच वाद इंजिनावर लढवला, तर पंधरा मिनिटांत मिटतो. उडणारे यंत्र काय जाळते, त्यासाठी हवा किती घेते, आणि वर गेल्यावर हवा विरळ झाली की चालक काय करतो, हे तीन प्रश्न विचारले की दंतकथा एका बाजूला आणि इतिहास दुसऱ्या बाजूला आपोआप उभे राहतात.

३/
हे प्रश्न विचारायला विमानविद्येची पदवी लागत नाही. पुणे-नाशिक रस्त्यावर घोड नदीच्या काठी आंबेगाव तालुक्यातले कळंब आहे. तिथल्या कोणत्याही जुन्या मोटारसायकलवाल्याला ठाऊक असते, की थंडीच्या सकाळी चोक ओढल्याशिवाय गाडी धरत नाही. चोक तसाच राहिला, तर गाडी धूर ओकते आणि प्लग काजळीने काळा पडतो. उलट पेट्रोल कमी आले, तर गाडी अडखळते, फटफटते आणि तापते. हे ज्याला कळते, त्याला १९०३ साली अमेरिकेत काय घडले हे समजेल. १८९५ साली चौपाटीवर काय घडू शकत नव्हते, हेही समजेल.

४/
प्रथम मूळ हिशेब. एक किलो पेट्रोल पुरते जाळण्यासाठी सुमारे पंधरा किलो हवा लागते. समुद्रसपाटीला एवढी हवा जवळजवळ बारा घनमीटर जागा व्यापते. म्हणजे पेट्रोलचे इंजिन वजनाने पाहिले तर मुख्यतः हवाच खाते. पेट्रोल तोंडी लावण्यापुरते. या दोहोंचे प्रमाण राखणाऱ्या अवयवाला कार्बोरेटर म्हणतात. त्याच्या अरुंद गळ्यातून हवा वेगाने जाते, तिथला दाब उतरतो, आणि बारीक छिद्रातून पेट्रोल ओढले जाऊन हवेत मिसळते.

५/
पेट्रोल प्रमाणाबाहेर वाढले की मिश्रण दाट होते. इंजिन जड चालते, काजळी धरते, प्लग निकामी होतात. पेट्रोल कमी पडले की मिश्रण विरळ होते. सिलिंडर तापतात, ठोके अनियमित पडतात, शक्ती घटते. जास्तीत जास्त शक्ती हवी असेल, तर मिश्रण किंचित दाट ठेवावे लागते. पूर्ण जोराने चढताना जादा पेट्रोलची वाफ सिलिंडरची उष्णताही शोषते. लांबचा पल्ला गाठायचा असेल, तर ते पुन्हा विरळ करावे लागते. एकच इंजिन, पण चढणीला एक प्रमाण आणि सपाट प्रवासाला दुसरे.

६/
रस्त्यावरच्या गाडीला एवढे पुरते. विमानाचे तसे नाही. समुद्रसपाटीच्या तुलनेत १८०० मीटरांवर हवेची घनता सुमारे सोळा टक्क्यांनी कमी भरते. कळसूबाईचे शिखर १६४६ मीटर आहे, म्हणजे सह्याद्री निर्धास्त ओलांडणारे लहान विमान साधारण याच उंचीवर असते. कार्बोरेटर मात्र हवेचे वजन करीत नाही. तो तिच्या वाहत्या आकारमानावर पेट्रोल सोडतो. हवा सोळा टक्के घटली, तरी पेट्रोल त्या मानाने घटत नाही. चालकाने काही न करताच मिश्रण दाट होत जाते.

७/
म्हणून जुन्या लहान विमानांत थ्रॉटलच्या शेजारी आणखी एक दांडा असे: मिश्रणाचा. उंची गाठल्यावर चालक तो हळूहळू ओढून पेट्रोल कमी करी. फेऱ्यांचा काटा किंचित चढे, मग इंजिन खरखरू लागे. त्या खरखरीच्या अलीकडे दांडा थोडा परत ढकलायचा आणि थांबायचे. हे सगळे मुख्यतः कानाने चाले. उतरताना दांडा पुन्हा दाट बाजूला आणावा लागे. ते विसरले, तर खालच्या घट्ट हवेत मिश्रण फार विरळ पडून नेमक्या गरजेच्या क्षणी इंजिन मान टाकी.

८/
आणखी एक शत्रू होता. पेट्रोलची वाफ होताना कार्बोरेटरच्या गळ्यातले तापमान झपाट्याने उतरते. हवा दमट असेल, तर बाहेर वीस-पंचवीस अंश असतानाही आत बर्फ धरतो आणि इंजिनाचा श्वास कोंडतो. सह्याद्रीतला पावसाळा या संकटासाठी जणू मुद्दाम घडवलेला. त्यावर उपाय म्हणजे इंजिनाच्या उष्णतेने तापवलेली हवा आत सोडणे. मात्र गरम हवा विरळ, म्हणून मिश्रण पुन्हा दाट. एक गाठ सोडवावी, तर दुसरी बसते. लहान विमान चालवणे म्हणजे या गाठी अखंड सोडवत राहणे.

९/
आता १९०३ कडे. राइट बंधूंनी हिशेब केला, की आपल्या विमानाला किमान आठ अश्वशक्ती हवी आणि इंजिन हलके हवे. असे इंजिन बाजारात मिळेना. तेव्हा त्यांच्या सायकलच्या दुकानातला यंत्रकार चार्ली टेलर याने ते सुमारे सहा आठवड्यांत घडवले. चार सिलिंडर, ॲल्युमिनियमचे कवच, सुमारे ऐंशी किलो वजन, बारा अश्वशक्ती. विमानाच्या इतिहासातली ही निर्णायक वस्तू आहे, आणि ती घडवणाऱ्याचे नाव फारच थोड्यांना ठाऊक असते.

१०/
त्या इंजिनाला आजच्या अर्थाने कार्बोरेटरही नव्हता. लहान टाकीतून पेट्रोल आपल्या वजनाने खाली येई, तापलेल्या उथळ कप्प्यात त्याची वाफ होई, आणि ती हवेबरोबर सिलिंडरांत जाई. थ्रॉटल नव्हता. पेट्रोलची तोटी उडण्यापूर्वी जमिनीवरच जमवून ठेवायची. मिश्रणाचे व्यवस्थापन इतके प्राथमिक होते. पण ते होते! काय जळते, किती जळते आणि त्याची शक्ती पंख्यापर्यंत कशी पोहोचते, हे प्रत्येक पायरीवर दाखवता येते. १७ डिसेंबर १९०३ च्या पहिल्या उड्डाणाला बारा सेकंद लागले. त्या दिवसाच्या चौथ्या उड्डाणाला एकोणसाठ.

११/
हेच प्रश्न ‘मरुत्सखा’ला विचारावेत. काय जळत होते? फिरणारा मजकूर म्हणतो, पारा. पारा जळत नाही. तो इंधन नाही. तो पाण्याच्या साडेतेरा पट जड असतो आणि सुमारे ३५७ अंशांना उकळतो. पाऱ्याच्या वाफेवर चालणारी टर्बाइने विसाव्या शतकात वीजकेंद्रांत खरोखर बसवली गेली. परंतु तिथेही पारा उकळण्यासाठी खाली दुसरे इंधन जाळावे लागत होते. पारा फक्त उष्णता वाहून नेत असे. त्या केंद्रांच्या बॉयलरचे वजन पाहिले असते, तर ते चौपाटीवरून उडेल असे कोणी म्हटले नसते.

१२/
काही आवृत्त्यांत असे सांगतात, की पारा सूर्यप्रकाशाने तापला आणि त्यातून हायड्रोजन सुटला. शाळेतली धातूंची क्रियाशीलतेची उतरंड आठवली, तरी याचे उत्तर मिळते: पारा त्या उतरंडीत हायड्रोजनच्या खाली आहे, तो पाण्यातून हायड्रोजन बाहेर काढू शकत नाही. राहिले ऊन. भर दुपारचे ऊन एका चौरस मीटरवर साधारण एक किलोवॅट शक्ती देते. ती सगळीच्या सगळी यंत्राला मिळाली, असे अशक्य गृहीत धरले तरी सव्वा-दीड अश्वशक्तीच्या पलीकडे हिशेब जात नाही. राइट बंधूंना किमान आठ लागत होत्या.

१३/
येथे एक बचाव पुढे येतो: विमान मानवरहित होते, लहान होते, त्याला कमी शक्ती पुरली असेल. हा बचाव खरा मानला, तर मूळ दावाच कोसळतो. मानवरहित यंत्रे त्याआधीही उडालेली होती. पॅरिसमध्ये आल्फाँस पेनो याने १८७१ साली पिळलेल्या रबरावर चालणारी प्रतिकृती उडवली. अमेरिकेत लँग्ली यांचे वाफेवरचे मानवरहित यान ६ मे १८९६ रोजी सुमारे एक किलोमीटर गेले. त्यांना कोणी ‘राइट बंधूंच्या आधीचे विमानकर्ते’ म्हणत नाही. राइट बंधूंचा दावा चार गोष्टींचा आहे: माणूस, इंजिन, टिकून राहणारे उड्डाण आणि नियंत्रण. चारही एकत्र.

१४/
पुढे येतो पुराव्याचा प्रश्न. १७ डिसेंबर १९०३ ला पाच साक्षीदार होते आणि विमान जमीन सोडतानाचे छायाचित्र आहे. तरीही जगाने राइट बंधूंवर लगेच विश्वास ठेवला नाही. ऑगस्ट १९०८ मध्ये फ्रान्समध्ये ल मांजवळ विल्बर राइट याने हजारोंच्या देखत विमान वळवून दाखवले, तेव्हा कुठे युरोपने मान तुकवली. पुरावा मागणे म्हणजे अपमान करणे, असे त्यांनी मानले नाही. तो पुरवला.

१५/
मुंबईतही पुरावा राखणारे लोक होते. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावे दादा, यांनी १८९९ साली हँगिंग गार्डनमधली कुस्ती चलच्चित्रात टिपली. डिसेंबर १९०१ मध्ये रँग्लर परांजपे परतले, तो सोहळाही टिपला. एका कुस्तीची नोंद राखणाऱ्या शहराने जगातल्या पहिल्या विमानाचे एक छायाचित्रही राखले नाही, हे कोणाला पटावे? ‘केसरी’त बातमी आली होती, असे मजकूर सांगतो. मग अंकाची तारीख आणि पान सांगणे ही सांगणाऱ्याची जबाबदारी. पुढे ढकललेल्या संदेशात ती तारीख नसते.

१६/
‘इंग्रजांनी दडपले’ हे शेवटचे शस्त्र. १८९५ च्या महाराष्ट्रात सरकारला न भिणारी वृत्तपत्रे होती, जाहीर सभा होत्या, आणि स्वतःचे दफ्तर बाळगणारी बडोद्यासारखी संस्थाने होती. सयाजीराव महाराजांसमोर विमान पंधराशे फूट उडाले असते, तर बडोद्याच्या दफ्तरात त्याचा खर्च कुठेतरी मांडला गेला असता. आणि इंग्रजांचे म्हणावे, तर उडणारे यंत्र हाती आल्यावर ते पुरून टाकणारे साम्राज्य कोणते? त्यांनी ते दुसऱ्याच दिवशी सैन्यासाठी उचलले असते.

१७/
मजकुराच्या मुळाशी ‘वैमानिक शास्त्र’ नावाची संस्कृत पोथी आहे. ती महर्षी भरद्वाजांची म्हणून सांगितली जाते. प्रत्यक्षात पंडित सुब्बराय शास्त्री यांनी ती १९१८ ते १९२३ या काळात तोंडी सांगितली आणि दुसऱ्याने लिहून घेतली. सोबतच्या आकृत्या १९२३ साली बेंगळुरूत काढून घेतल्या. १९७४ साली बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच अभ्यासकांनी तिची तपासणी केली. पोथी १९०४ च्या आधीची असू शकत नाही आणि तिच्यात वर्णिलेले एकही विमान उडू शकत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. तळपदे यांनी शास्त्रींच्या मार्गदर्शनाखाली केलेल्या प्रतिकृती उडाल्या नाहीत, ही शास्त्रींच्या वर्तुळातूनच मिळालेली माहितीही त्याच अभ्यासात नोंदवलेली आहे.

१८/
हा निष्कर्ष परकीयांचा नाही. पाचही अभ्यासक भारतीय होते, संस्था भारतीय होती, आणि पोथी त्यांनी मुळातून वाचली होती. त्यानंतर चार दशकांनी, जानेवारी २०१५ मध्ये मुंबईत भरलेल्या भारतीय विज्ञान काँग्रेसमध्ये तीच पोथी प्राचीन विमानविद्येचा आधार म्हणून पुन्हा मांडली गेली. त्याच महिन्याच्या अखेरीस तळपदे यांच्यावरचा हिंदी चित्रपटही झळकला. चित्रपटाला कल्पनेची मोकळीक असते. विज्ञानाच्या व्यासपीठाला नसते. १९७४ चा निबंध वाचायला जेवढा वेळ लागतो, त्याहून कमी वेळात तो विसरला गेला, ही खरी शरमेची गोष्ट.

१९/
तळपदे यांचे योग्य स्थान कोणते? १८६४ साली मुंबईत जन्मलेल्या या संस्कृतज्ञाने वेदवाङ्मयाच्या प्रेमातून विमानाचे स्वप्न पाहिले. त्या दशकात जगभर हेच वेड होते. फ्रान्समध्ये क्लेमाँ आदेर वाफेच्या यंत्रावर जेमतेम उसळला होता. इंग्लंडमध्ये हायरम मॅक्सिम याचे अजस्र यंत्र १८९४ साली रुळांवरून उचलले जाऊन मोडले. जर्मनीत लिलिएंथाल ग्लायडर उडवता उडवता १८९६ साली मृत्यू पावला. यांतले कोणीच पूर्ण यशस्वी झाले नाही, तरी त्यांचे देश त्यांना प्रयोगकर्ते म्हणून मान देतात. तळपदे यांनाही हाच मान शोभतो. न केलेल्या पराक्रमाचा मुकुट चढवला, की केलेला प्रयत्न झाकून जातो.

२०/
या दंतकथेने झाकली जाते ती आणखी एक व्यक्ती. लेफ्टनंट श्रीकृष्ण वेलिणकर, मुंबईचे. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलातून लढलेल्या मोजक्या भारतीय वैमानिकांपैकी एक. २३ व्या स्क्वाड्रनमध्ये ते सॉपविथ डॉल्फिन हे एकासनी लढाऊ विमान चालवत. जून १९१८ मध्ये फ्रान्सच्या आकाशात त्यांचे विमान पडले आणि ते मृत्यू पावले. त्यांची कबर फ्रान्समध्ये हांगार येथे आहे. मराठी नाव, मराठी शहर, खरे विमान, खरा मृत्यू. ज्या हातांनी ‘मरुत्सखा’चा मजकूर हजारदा पुढे पाठवला, त्यांपैकी किती हातांनी वेलिणकरांचे नाव एकदा तरी लिहिले असेल?

२१/
त्या काळी विमान चालवणे काय होते, हे मिश्रणावरूनच कळते. वेलिणकरांच्या काळातले दुसरे प्रसिद्ध विमान सॉपविथ कॅमल. सरदार हरदित सिंग मलिक ते चालवत. त्याच्या फिरत्या इंजिनाला हवेचा आणि पेट्रोलचा असे दोन वेगळे दांडे असत आणि त्यांचा मेळ चालकाने हाताने घालायचा. जमीन सोडल्यावर काही क्षणांत पेट्रोल कमी केले नाही, तर मिश्रण दाट होऊन इंजिन गुदमरे, विमान मान टाकून खाली येई. कित्येक शिकाऊ तरुण शत्रूची गोळी पाहण्याआधीच अशा रीतीने गेले. बोटभर दांडा आणि जीव यांच्यात इतकेच अंतर होते.

२२/
पुढची खरी गोष्ट प्लगची आहे. इंग्लंड आणि भारत यांदरम्यान एकट्याने उडणाऱ्या पहिल्या भारतीयासाठी आगाखान यांनी बक्षीस लावले. १९३० साली जे. आर. डी. टाटा कराचीहून इंग्लंडकडे निघाले, आणि सतरा वर्षांचे अस्पी इंजिनियर इंग्लंडहून कराचीकडे. दोघांचीही विमाने जिप्सी मॉथ. इजिप्तमध्ये अबुकीर येथे गाठ पडली, तेव्हा अस्पी प्लगांसाठी अडकून पडले होते. टाटांनी आपल्याजवळचे जादा प्लग प्रतिस्पर्ध्याला देऊन टाकले. बक्षीस अस्पींनी जिंकले. पुढे १९६० साली ते भारतीय हवाई दलाचे प्रमुख झाले. काजळलेल्या प्लगचे मोल ठाऊक असलेल्यालाच या औदार्याचे वजन कळेल.

२३/
१५ ऑक्टोबर १९३२. पहाटेनंतर कराचीच्या ड्रिग रोडवरून एक पस मॉथ विमान टपालाची पिशवी घेऊन उडाले. इंजिन जिप्सी थ्री, १२० अश्वशक्ती. म्हणजे चार्ली टेलरच्या इंजिनाच्या दहापट. चालक जे. आर. डी. टाटा. अहमदाबादला थांबा झाला, तिथे पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आले. दुपारी विमान जुहूला उतरले. तिथून नेव्हिल व्हिन्सेंट यांनी टपाल बेळ्ळारीमार्गे मद्रासला नेले. रेडिओ नव्हता, जमिनीवरून दिशा दाखवणारे काही नव्हते. जुहूपर्यंतचा मार्ग बहुतांशी सखल; पुढे बेळ्ळारीकडे जाताना सह्याद्री चढावा लागे, आणि तिथे मिश्रणाचा दांडा हातात घ्यावा लागे.

२४/
पुणे जिल्ह्याचा या इतिहासात थेट वाटा आहे, आणि तो फारसा सांगितला जात नाही. जुहूचा तळ म्हणजे चिखलाचे मैदान होते; पावसाळ्यात भरतीचे पाणी धावपट्टीवर येई. त्यामुळे दरवर्षी पावसाळ्यात टाटांची सगळी हवाई सेवा बिऱ्हाड उचलून पुण्याला येई आणि येरवड्याच्या तुरुंगाजवळच्या मैदानातून उडे. त्या बिऱ्हाडात होते तरी काय? दोन विमाने, तीन वैमानिक, तीन मेकॅनिक. पुढे एअर इंडिया झालेल्या सेवेचा तो सारा संसार.

२५/
समुद्रकाठचे विमान पुण्याला आले, की इंजिनाचा स्वभाव बदले. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर वर. हवा जुहूपेक्षा पाच टक्क्यांनी विरळ. त्यात उष्णतेची भर. पस्तीस अंशांच्या दुपारी येरवड्याची हवा विमानाला साधारण १४०० मीटर उंचीवरच्या प्रमाणित हवेसारखी वाटते: पंखा कमी पकडतो, पंख कमी उचलतात, इंजिन कमी श्वास घेते, धावपट्टी लांब लागते. कळंब याच पठारावर, पुण्याच्या उत्तरेला. तिथली मोटारसायकल जुहूला नेली, तर इंजिनात शिरणाऱ्या हवेतला हाच फरक उलट दिशेने पडेल. निसर्गाचा नियम तोच. विमानात तो चुकला, तर रस्त्याच्या कडेला थांबण्याची सोय नसते.

२६/
त्या तीन मेकॅनिकांची नावे किती जणांना माहीत असतील? प्लग काढून त्यांचा रंग पाहणे, जेट साफ करणे, पेट्रोलमध्ये पाणी उतरले आहे का ते तपासणे, हे सगळे पावसात, उघड्या मैदानावर त्यांनी केले. त्यांची चूक झाली असती, तर वैमानिक गेला असता. मराठी अभिमानाला खरोखर उभे राहायला जागा हवी असेल, तर ती अशा हातांजवळ आहे. या हातांना पारा लागला नव्हता, ग्रीस लागले होते.

२७/
विमान ही वस्तू खोटी समजूत खपवून घेत नाही, हे जुन्नरच्या डोंगरांनी फार कठोरपणे पाहिले आहे. ७ जुलै १९६२ च्या रात्री बँकॉकहून मुंबईला येणारे अलितालिया कंपनीचे जेट विमान जुन्नरच्या डोंगरात आदळले. विमानातले सगळे, ९४ जण, मृत्यू पावले. इंजिने चालू होती, मिश्रणाचा काही प्रश्न नव्हता. मुंबई प्रत्यक्षाहून जवळ आली आहे, असा वैमानिकाचा समज झाला आणि विमान वेळेआधी खाली उतरू लागले. वस्तुस्थितीच्या जागी समजूत बसली, एवढेच कारण. ज्या क्षेत्रात समजुतीची ही किंमत आहे, त्या क्षेत्राचा इतिहास समजुतींवर रचणे हे किमान जुन्नर-आंबेगावच्या तरुणांनी तरी मान्य करू नये.

२८/
आणि अभिमानासाठी त्यांना १८९५ पर्यंत जाण्याचीही गरज नाही. कळंबहून नारायणगावकडे निघाले, की थोड्याच अंतरावर खोडद आहे. तिथे आणि आसपासच्या शिवारात गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली महाकाय मीटर-तरंग रेडिओ दुर्बीण आहे: प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या. जगभरचे खगोलशास्त्रज्ञ तिच्यावर वेळ मागायला येतात. ती उभारणाऱ्यांनी कोणत्याही पोथीचा हवाला दिला नाही. आकृत्या, मोजमापे, चुका आणि दुरुस्त्या अशा सगळ्यांच्या नोंदी ठेवल्या. नोंद असली, की दडपले गेल्याची तक्रार करावी लागत नाही.

२९/
काही जण म्हणतील, एक निरुपद्रवी दंतकथा मुलांना स्फूर्ती देत असेल, तर बिघडते काय? बिघडते ते असे. त्या मुलाला शिकवले जाते, की यंत्र मंत्राने चालते आणि पुरावा मागणारा शत्रू असतो. मग तो कार्बोरेटर उघडून पाहत नाही, मोजत नाही, प्लगचा रंग वाचायला शिकत नाही. वेलिणकर, अस्पी इंजिनियर, येरवड्याचे ते तीन मेकॅनिक त्याला फिके वाटू लागतात, कारण त्यांच्या गोष्टीत चमत्कार नसतो, नुसते काम असते. आणि परक्या देशात कोणी त्याच्यासमोर हा दावा हसून उडवला, की त्याच्याजवळ उत्तरादाखल एक तारीखसुद्धा नसते.

३०/
तेव्हा हा मजकूर पुन्हा समोर येईल, तेव्हा पाठवणाऱ्याला नम्रपणे चार प्रश्न विचारावेत. इंधन कोणते होते? इंजिनाचे वजन आणि शक्ती किती होती? विमान वळवण्याची सोय काय होती? आणि बातमीच्या अंकाची तारीख कोणती? उत्तर आले, तर तळपदे यांचा इतिहास खरोखर पुढे जाईल आणि त्याचे स्वागतच होईल. उत्तर येईपर्यंत शालेय भाषणांत, वाढदिवसांच्या फलकांवर आणि ग्रामपंचायतीच्या भिंतींवर ‘पहिले मराठी वैमानिक’ या शब्दांशेजारी नाव लिहायचेच असेल, तर लेफ्टनंट श्रीकृष्ण वेलिणकर हे नाव उपलब्ध आहे. त्यांच्या उड्डाणांची नोंद आहे. कबरही आहे.